पश्चिमेची भिंत

अम्मी फोन करते ती सकाळी, चहा झाल्यावर. दुपारी तिचा फोन आला की काहीतरी बिघडलेलं असतं. त्या दिवशी तो दुपारी आला. मी नांदेडला ऑफिसात होतो, एका शेताच्या हद्दीचा नकाशा तपासत होतो.

"तुझे अब्बा नमाज पढून राहिले," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय मग. दुपारची जोहर होऊन गेली कवाच. हे थांबेनातच. पढतात, सलाम फेरतात, परत उभं राहतात. खुर्ची नेऊन न्हाणीत ठेवली. पायावर सूज हाय. तू काय बोललास त्यांना मशिदीत? जे बोललास ते तूच येऊन परत घे."

घरात आम्ही दखनी बोलतो. इथं ते बोलणं मी मराठीत लिहितो आहे, कारण लिहिणं मला मराठीतच येतं. पण 'परत घे' हे तिचे शब्द दखनीतही असेच होते. जे मी बोललो होतो ते मोजमाप होतं. मोजमाप परत कसं घेतात ते मला माहीत नाही.

मी जमीन मोजणीच्या खात्यात नोकरी करतो. आईवडील लातूरला असतात, ज्या मोहल्ल्यात माझा जन्म झाला तिथंच. अब्बा शिंपी होते. ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांच्या हृदयाच्या नळीत स्टेंट घातलेला आहे आणि हृदयाचं पंपिंग निम्म्याच्या खाली आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की जमिनीवर वाकून नमाज नको, खुर्चीवर बसून पढा. अब्बांनी ते ऐकलं होतं. दोन वर्षं ती खुर्ची त्यांच्या खोलीत पश्चिमेकडं तोंड करून होती.

आता मी काय बोललो ते सांगतो. त्याआधी नांदेडच्या गुरुवारांबद्दल सांगायला हवं.

दर गुरुवारी ऑफिस सुटल्यावर मी एका सरांकडे जातो. ते कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहेत. त्यांच्या माडीवर आम्ही सात-आठ जण बसतो. एक वकील, एक डॉक्टरीणबाई, दोन शिक्षक, बाकी माझ्यासारखे नोकरदार. इस्लामी विचारात गेल्या शे-दीडशे वर्षांत जे नवं मंथन झालं, ते आम्ही सावकाश वाचतो. बरीचशी चर्चा इज्तिहादवर येऊन थांबते. इज्तिहाद म्हणजे समोर आलेल्या प्रश्नावर मूळ ग्रंथ आणि स्वतःची बुद्धी दोन्ही लावून निर्णय काढणं. लहानपणी आम्हाला सांगितलं होतं की ते दार फार पूर्वी बंद झालं. थोर इमामांनी सगळं ठरवून ठेवलंय, आपण मागं चालायचं. सर म्हणतात, दार कुणी बंद केल्याचा पुरावा मला तरी सापडला नाही, लोकांनी तिकडं जाणं सोडलं एवढंच दिसतं.

मला ते पटत गेलं. माझा धंदाच पुराव्याचा आहे. पण मी लातूरला त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मोहल्ल्यात कळलं तर 'हा फिरला' म्हणतील, ही एक भीती. दुसरी भीती वेगळी होती. ऑफिसात एकदा चुकून विषय निघाला तेव्हा एक सहकारी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बरं झालं, तुमच्यात सुधारणा व्हायलाच पाहिजे." थाप प्रेमाचीच असेल. पण ती पाठीवर बसल्यापासून मी ऑफिसात तो विषय काढला नाही. आपल्या घरातली चर्चा दुसऱ्याच्या हातात गेली की ती काय होऊन परत येईल, याचा भरवसा आजकाल राहिलेला नाही.

लातूरच्या आमच्या मशिदीतली शहाबादी फरशी झिजून खड्डे पडले होते. कमिटीनं नवी फरशी घालायचं ठरवलं. नव्या फरशीत नमाजींच्या रांगांसाठी काळ्या दगडाच्या पट्ट्या कायमच्या बसवायच्या होत्या. कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, टायरचं दुकान चालवतात. त्यांनी मला बोलावलं. "तुझं खातंच मोजणीचं," ते म्हणाले, "पट्ट्यांची रेघ तूच देऊन जा. मिस्त्री उगं अंदाजानं ठोकल."

रेघ द्यायची म्हणजे मला वाटलं पश्चिमेच्या भिंतीला समांतर दोरी धरायची. आपल्याकडं मशिदीची पुढची भिंत पश्चिमेला असते, आणि पश्चिम म्हणजेच काबा असं आपण लहानपणापासून धरून चालतो. घरातल्या जानमाजी, म्हणजे नमाजेच्या चटया, त्याच भिंतीकडं पाहून अंथरतात. कब्रस्तानातल्या कबरीही त्याच हिशेबानं खोदतात, म्हणजे कुशीवर निजवलेल्या माणसाचं तोंड तिकडं राहतं. पण मोजायचंच तर नीट मोजावं म्हणून मी लातूर आणि मक्का या दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेऊन गणित मांडलं. भिंत अगदी नेमकी पश्चिमेला होती. काबा मात्र पश्चिमेपासून अकरा अंशांहून थोडा जास्त, उत्तरेकडं होता. मी गणित पुन्हा केलं, यंत्रानं ताडून पाहिलं. तेच आलं.

असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, नमाज झाल्यावर मी सदरांना आणि हाफिजसाबांना, म्हणजे आमच्या इमामांना, ते सांगायला गेलो. अब्बा खांबाला टेकून त्यांच्या खुर्चीवर बसले होते. ऑफिसात आम्ही ज्या भाषेत अहवाल देतो त्याच भाषेत मी बोललो.

"भिंत चुकीची आहे. रांगा तिरक्या घ्याव्या लागतील."

सदर हसले. "भिंत सरळ आणि रांग तिरकी? लोक म्हणतील भूकंपात मशीद हलली अन् कमिटी आता जागी झाली." मग लगेच गंभीर झाले. "अन् फरशी उखडली की कुणी ना कुणी मोबाइल घेऊन उभंच राहतं. काय खोदून राहिले म्हणून. काय ते ठरवा आणि लवकर उरका."

हाफिजसाब देगलूरकडचे, वयानं माझ्यापेक्षा लहान. ते टोपी सारखी करत ऐकत राहिले. अब्बांनी मात्र विचारलं, "किती?"

"अकरा अंश, थोडं जास्त."

"म्हणजे किती?"

मी हात पसरून दाखवलं. त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं आणि मग भिंतीकडं.

त्या भिंतीशी त्यांचं नातं काय ते मला आधी माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी घरी जाताना त्यांनी सांगितलं. ती भिंत बांधली तेव्हा ते लग्नाआधीचे तरुण होते. शिंप्याची नजर सरळ म्हणून मोहल्ल्यातल्या मोठ्यांनी दोरीचं टोक त्यांच्या हातात दिलं होतं. होळीच्या आसपासचे दिवस होते. सूर्य बुडत होता तिकडं पाहून त्यांनी दोरी ताणली आणि पायाची रेघ पडली. पुढं सगळा मोहल्ला त्या रेघेकडं तोंड करून उभा राहिला.

"माझी एकट्याची असती तर निराळं," ते म्हणाले. "सगळ्यांना मी उभं केलं तिकडं. आणि जे गेले ते तर निजलेत त्याच रेघेत. त्यांना कोण वळवणार?"

मी म्हटलं, अब्बा, एवढं मनाला लावून घेऊ नका. हे वाक्य किती पोकळ होतं ते बोलतानाच कळलं. मी नांदेडला परतलो. अम्मीचा तो फोन त्यानंतरच्या आठवड्यात आला.

अब्बांनी कजा सुरू केली होती. चुकलेली नमाज नंतर भरून काढणं म्हणजे कजा. काही म्हातारी माणसं आयुष्यभराच्या चुकलेल्या नमाजा अशा भरून काढायला बसतात. अब्बांच्या चुकलेल्या फारशा नव्हत्या. ते पढलेल्याच पुन्हा पढत होते. सगळ्या, तरुणपणापासूनच्या. आणि उभ्यानं, कारण तेव्हा त्या उभ्यानं पढल्या होत्या. प्रत्येक वेळच्या नमाजेनंतर ते एका अख्ख्या दिवसाच्या नमाजा जोडत. जमिनीवर माथा टेकायचा, उठायचं, पुन्हा टेकायचा. मी आकडेमोडीचा माणूस आहे. एका दिवसात त्यांचं शरीर किती वेळा खाली जाऊन वर येत होतं ते माझ्या डोक्यात आपोआप येत होतं, आणि ते आलेलं मला नको होतं.

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "थांबवा. कसंही करून थांबवा. हे हृदय एवढं काम करणार नाही."

लातूरला निघण्याआधी मी सरांकडे गेलो. गुरुवार नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एक जुना प्रसंग सांगितला. सुरुवातीच्या काळात नमाजेची दिशा जेरुसलेमकडं होती, मग ती मक्केकडं बदलली. एका मशिदीत लोक नमाजेत उभे असतानाच ही बातमी पोचली. ते आहेत तिथंच वळले आणि नमाज पुढं चालू ठेवली. आधीचा भाग त्यांनी पुन्हा पढला नाही. सर म्हणाले, "मला विचाराल तर नूतनीकरणाचा सगळा विचार याच्यात आहे. वळायचं, पण मागचं फेकून द्यायचं नाही. मी येऊ का लातूरला? बोलतो त्यांच्याशी."

मी नको म्हणालो. सरांचं नाव लातूरपर्यंत पोचलेलं होतं, आणि चांगल्या अर्थानं नव्हे. ते आमच्या दारात दिसले असते तर अब्बांच्या बाजेभोवती वाद उभा राहिला असता. सरांना ते कळलं. त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला आणि म्हणाले, "मग तुमच्या इमामांना विचारा. त्यांच्याकडं उत्तर असेल."

मला त्याची खात्री नव्हती. गुरुवारी आम्ही अशाच इमामांबद्दल थोडं चढ्या सुरात बोलायचो. एस.टी.त अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा अम्मीचा पुन्हा फोन आला. मी उचलायला घाबरलो. उचलला तर ती म्हणाली, "येताना सोलापुरी चादर आण, यांना थंडी वाजून राहिली." ऊन रणरणत होतं. अशा उन्हात म्हाताऱ्या माणसाला थंडी वाजते म्हणजे काय, ते उरलेल्या वाटेवर माझ्या डोक्यातून गेलं नाही.

मी थेट हाफिजसाबांकडे गेलो. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "लांबच्या माणसावर काबाचा नेमका बिंदू बंधनकारक नाही, त्याची दिशा बंधनकारक आहे," ते म्हणाले. "उजवीकडं-डावीकडं अर्ध्या काटकोनापर्यंत नमाज होते. जुन्या लोकांनी एवढी जागा ठेवलीय. अकरा अंश काय घेऊन बसलात? चाचांची एकही नमाज वाया गेलेली नाही."

मला मोकळं वाटलं. मी त्यांना बरोबर घेऊन घरी आलो.

अब्बा जानमाजवर बसले होते, दोन नमाजांच्या मधे. पोटऱ्या सुजून चमकत होत्या, ओठ काळपट. हाफिजसाबांनी जे मला सांगितलं तेच त्यांना सांगितलं, अधिक आदरानं. अब्बांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"एवढी जागा हाय म्हणता."

"हाव चाचा."

"मग नव्या पट्ट्या तिरक्या कशाला बसवून राहिले?"

हाफिजसाब माझ्याकडं पाहू लागले. जुनं चालतं तर बदल कशाला, आणि बदल करायचा तर जुनं चुकलं असंच की. सरांच्या माडीवर याच प्रश्नाभोवती आम्ही कितीतरी गुरुवार घालवले होते. पण तिथं कुणाच्या पायावर सूज नव्हती.

मी नमाजेत वळलेल्या लोकांचा प्रसंग सांगितला. अब्बांना तो माझ्यापेक्षा जास्त माहीत होता.

"त्यांना पैगंबरांकडून निरोप आला होता," ते म्हणाले. "मला कोण सांगायला आलं? तू. तू आणि तुझं यंत्र." आणि जानमाजवर हात टेकून ते उठायला लागले. उठताना त्यांचा श्वास ऐकू येत होता. हाफिजसाबांनी दंड धरला, तो त्यांनी सोडवून घेतला.

मी मनात ठरवलं की सांगून टाकावं, अब्बा, माझं गणित चुकलं. म्हणजे ते थांबतील. माझ्या ओठांवर ते आलं होतं. पण ते खोटं होतं, आणि ते मला ओळखतात. मी खोटं बोललो असं त्यांना कळलं असतं तर पुढं माझ्या कुठल्याच शब्दाला वजन उरलं नसतं. डॉक्टर काय म्हणाले, या शब्दालासुद्धा.

तेवढ्यात अम्मी आतून आली. तिच्या हातात तिची जानमाज होती. ती तिनं अब्बांच्या मागं, थोडी तिरकी करून अंथरली.

"तू काय करून राहिली?" अब्बांनी विचारलं.

"नमाज. तुमच्या वाकड्या झाल्या, तर माझ्या सरळ कशा राहिल्या? एकाच भिंतीकडं तोंड करून पढलो ना सगळा जन्म? आणि माझ्या तुमच्यापेक्षा जास्त. तुम्ही दुकानात गिऱ्हाईक आलं की कवा कवा चुकवल्या. मी न्हाई चुकवल्या."

"तुझे गुडघे न्हाईत नीट."

"तुमचं दिल कुठं नीट हाय? मी बोलले का काही?"

ती उभी राहिली, हात बांधले. आता तिला थांबवता येत नव्हतं, कारण नमाजेतल्या माणसाशी बोलत नाहीत. हाफिजसाब नजर खाली करून दारापाशी सरकले. अम्मी वाकली. माथा टेकवायला खाली गेली तेव्हा गुडघ्याचा आवाज झाला. मग वर यायची वेळ आली आणि तिला येता येईना. एक हात जमिनीवर, दुसरा हात जानमाजवर, आणि मधेच ती अडकली. तिला रक्तदाब आहे. मान लाल झाली होती. मी पुढं झालो, पण तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, स्वतःच उठली, आणि पुन्हा वाकायला लागली.

मी अब्बांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. त्यावर जी भीती होती ती मला ओळखीची होती. तो फोन आल्यापासून ती माझ्याकडं राहायला होती.

तिनं सलाम फेरला आणि लगेच दुसऱ्या नमाजेसाठी उठायला लागली, तेव्हा अब्बा म्हणाले, "बस."

"किती झाल्या? एक. अजून लई हायत."

"बस म्हणलं ना. तू पडशील."

"मी पडले तर तुमच्या शेजारी पडन. त्याच रेघेत."

मग अब्बा मला म्हणाले, "खुर्ची आण."

मी न्हाणीतून खुर्ची आणली. ओली होती, पुसली. ते तिच्यावर बसले आणि डोळे मिटले. अम्मीनं जानमाजची घडी केली. हाफिजसाबांना म्हणाली, "चहा घेऊन जावा. साखर कमी करू का?" आवाज नेहमीचा होता.

डोळे न उघडता अब्बा म्हणाले, "यंत्राचं मला कळत न्हाई. ती रेघ मी सूर्याकडून घेतली होती. सूर्याकडून दाखव."

ते दाखवता येतं. मे महिन्याच्या अखेरीस एका दुपारी सूर्य काबाच्या बरोबर डोक्यावर येतो. त्या वेळी आपल्याकडं उभ्या काठीची जी सावली पडते, तिच्या उलट दिशेला काबा असतो. ना यंत्र, ना गणित. फरशीचं काम सदरांनी तोवर थांबवलं. मधले दिवस मी नांदेडला काढले. फोन वाजला की आधी घड्याळ बघायचो, सकाळ आहे की दुपार. अब्बा खुर्चीवर पढत होते, ज्या त्या वेळची तेवढीच. अम्मी रोज कळवायची. तरी मला धाक होता की ते तिच्या पाठीमागं पुन्हा उभे राहत असतील.

त्या दुपारी मशिदीच्या अंगणात आम्ही काठी रोवली. सदर, हाफिजसाब, दोन मिस्त्री आणि खुर्चीवर छत्रीखाली अब्बा. वेळ आली तशी मी सावलीच्या टोकाला दगड ठेवला. दोरीचं एक टोक काठीपाशी धरायला हवं होतं. मिस्त्री पुढं झाला, पण अब्बांनी हात केला. मी दोरी त्यांच्या हातात दिली, दुसरं टोक सावलीवरून मागं नेलं. दोरी ताणली. ती भिंतीला तिरकी होती, मी सांगितली होती तेवढीच.

अब्बा दोरीवरून नजर लावून बघत राहिले, कापड कापण्याआधी बघायचे तसे. मग म्हणाले, "हाव. असंच हाय." आणि थोड्या वेळानं, "मी पण बघूनच केलं होतं."

"हो अब्बा," मी म्हणालो.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. होळीच्या सुमारास सूर्य नेमका पश्चिमेला बुडतो. मोहल्ल्यातल्या मोठ्यांनी ती दोरी महिनाभर उशिरा धरली असती, तर बुडणाऱ्या सूर्यानंच काबाची रेघ दाखवली असती. ते गणित मी करून बसलो आहे, आणि ते त्यांच्यापुढं कधी बोलून जाईन याचीही मला भीती वाटते.

घरी परतताना मी त्यांना ऑटोत बसवलं. वाटेत कब्रस्तानाची भिंत लागते. माझी आजी तिथं आहे, माझा एक भाऊ आहे जो मी जन्मायच्या आधी गेला. अब्बांनी ऑटोवाल्याला सावकाश घ्यायला सांगितलं.

"मला कुठल्या रेघेत ठेवणार?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "तुम्ही सांगाल तसं."

"मी तवा सांगायला असंन का?" ते म्हणाले. "तू बघ. बघून कर."

पट्ट्या बसल्या. मशीद सरळ आणि रांगा तिरक्या, लोकांना सवय होत आली आहे. अब्बांच्या खोलीतली खुर्चीही थोडी वळवलेली आहे. मी लातूरला जातो तेव्हा कब्रस्तानावरून जातो, पण यंत्र घेऊन आत गेलेलो नाही. तिथला कोन मला माहीत आहे. आजीच्या शेजारी एक जागा रिकामी आहे, ती तिच्याच रेघेत मावेल एवढी आहे. वळवून घेतली तर मावणार नाही. हेही मी नुसत्या नजरेनं मोजलं आहे. दुपारी फोन वाजला की मला ती जागा दिसते, आणि मी काय करीन ते मला अजून माहीत नाही.